बुरशीचं औषध सांगून हिराकस फवारलं: लॉनवाल्याकडून झालेली फसवणूक

घरापुढे लॉन असेल आणि त्यात वाळलेले चट्टे पडत असतील, तर कुणाला बोलावण्याआधी हे वाचा.

आम्ही साताऱ्यात राहतो. ऑगस्टअखेर आमच्या लॉनमध्ये मधेमधे पिवळं दिसू लागलं आणि गौरी-गणपती होईपर्यंत त्याचे मोठाले वाळके चट्टे झाले. पाऊस चालू होता, म्हणजे पाणी कमी पडत नव्हतं. ओळखीतून एका ‘लॉन स्पेशालिस्ट’चा नंबर मिळाला. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो मागवले आणि पाच मिनिटांत निदान सांगितलं: “बुरशी आहे. आठवड्यात सगळं लॉन जाईल. इम्पोर्टेड औषध मारावं लागेल.” दोन फवारण्यांचे 7,500 रुपये, निम्मे आगाऊ.

माणूस आला तो पाठीवर पंप आणि हातात लेबल नसलेला कॅन घेऊन. खाली वाकून गवताला हातसुद्धा लावला नाही. औषधाचं नाव विचारलं तर म्हणाला, “आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे.” बिल मागितलं तर “नंतर पाठवतो.” रोज सकाळी साळुंक्या आणि कावळे त्या चट्ट्यांमध्ये चोची खुपसत होते, तेही मी त्याला सांगितलं. “दाणे टिपतात,” म्हणाला. पेरणी न केलेल्या लॉनमध्ये कसले दाणे?

दोन दिवसांत लॉन गर्द हिरवं दिसू लागलं आणि त्याने उरलेले पैसे घेतले. चट्टे मात्र होते तिथेच होते, उलट कडेने वाढत होते. दुसऱ्या फवारणीनंतर त्याचं म्हणणं बदललं: “माती बाद झालीय. गादी काढून नवीन लॉन टाकू, लाल माती आणि शेणखतासकट. वर वर्षाचा मेंटेनन्स घ्या.” त्याचा आकडा 38,000 होता.

तेवढ्यात कराडहून आमचे काका आले. त्यांचा जन्म उसात गेलेला. त्यांनी चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढलं, तर ते सतरंजीसारखं गुंडाळत वर आलं. खाली मूळ म्हणून शिल्लक नव्हतं. खुरप्याने चार बोटं माती उकरली आणि पांढरट, अंग वळवून अर्धगोल पडलेल्या, तांबूस डोक्याच्या जाड अळ्या दिसल्या. “ही हुमणी. बुरशीबिरशी काही नाही,” काका म्हणाले. साळुंक्या याच अळ्यांसाठी येत होत्या.

मग त्यांची नजर कडेच्या फरशीवर गेली. फवारणी उडालेल्या जागी गंजासारखे तांबूस डाग पडले होते, घासूनही न निघणारे. तो माणूस एक बादली मागे ठेवून गेला होता, तिच्या तळाशी फिकट हिरवे खडे चिकटलेले. काकांनी बघताक्षणी ओळखलं: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लोह कमी पडून ऊस पिवळा पडला, केवडा पडला म्हणतात तसा, की शेतकरी हेच फवारतात. कृषी सेवा केंद्रात ते किरकोळ दरात मिळतं. यातल्या लोहाने जिवंत गवत झटकन हिरवं होतं, हुमणीला मात्र काहीच होत नाही. त्या दोन दिवसांच्या हिरवेपणावरच त्याने आमच्याकडून उरलेले पैसे काढले. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघतात, अंधार पडताना कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि जमिनीत अंडी घालतात. आमच्या कुंपणाला लागूनच कडुलिंब आहे. अळ्या पावसाळाभर मुळं खातात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनही त्या येतात, म्हणजे हा माणूस विकू पाहत होता त्या शेणखतातून पुन्हा हेच दुखणं आलं असतं.

चट्टा कशाचा, हे घरीही बरंचसं कळतं. गवत ओढल्यावर मुळांशिवाय वर आलं तर हुमणीचा संशय घ्या आणि उकरून बघा. गवत घट्ट आहे, पण पहाटेच्या दवात पात्यांवर ठिपके किंवा जाळीसारखे तंतू दिसतात, तेव्हा बुरशी असू शकते. छोटा गोल चट्टा आणि भोवती गर्द हिरवी कड असेल तर बहुधा कुत्र्याचं मूत्र. स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि खट्कन अडला, तर खाली बांधकामाचा राडारोडा असेल. जो माणूस माती न उकरता रोगाचं नाव सांगतो, त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

औषधाचं मूळ पॅकिंग डोळ्यांनी बघा. कीटकनाशक असो वा बुरशीनाशक, लेबलवर नाव, नोंदणी क्रमांक, बॅच, अंतिम तारीख आणि विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतोच. 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार बिननावाच्या कॅनमधलं औषध विकता येत नाही. पोरंबाळं जिथे अनवाणी खेळतात तिथे काय फवारलं जातंय, हे कळायलाच हवं.

आम्ही वाळके भाग उकरून अळ्या वेचल्या आणि मेटारायझियम ही हुमणीवर वाढणारी उपयोगी बुरशी ओल्या मातीत मिसळली. ती अळ्या लहान असताना, जुलै-ऑगस्टमध्ये, जास्त चालते. आम्हाला उशीर झाला होता. कडेच्या चांगल्या गवताचे तुकडे मोकळ्या जागी लावले, ते धरले. शंका असेल तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

त्या माणसाने आता माझा नंबर ब्लॉक केलाय. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं त्याचं ‘बुरशी’चं निदान आणि फरशीच्या डागांचे फोटो मी जोडलेत. तुमचंही असं काही झालं असेल तर चॅट डिलीट करू नका आणि बादली धुऊ नका.