रविवारचा गोष्टीचा क्लास, सेलू (पोरगं ४ वर्षांचं)

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून, सेलू गाडीनं अर्धा तास. मे महिन्यात तिथं एका मंगल कार्यालयाच्या हॉलमधे ३ ते ६ वर्षांच्या लेकरांना उड्या मारत, नाचत गोष्टी सांगायचा क्लास होता, एका वेळचे ५० रुपये. तीन रविवार नेलं पोराला म्हणून लिहून राहिलो.

पहिल्या दिवशी वाटलं नुसता पोट्ट्यांचा धिंगाणा आहे. पण गोष्टीच्या आधी ताई काही शब्द ठरवून देते, पाऊस म्हटलं की तळहातावर बोट वाजवायचं, आधी एक मग दोन असं करत पाचही, खरंच टिनावर सर आल्यासारखा आवाज येते, अन् थांब म्हटलं की जिथं असाल तिथं दगड. घरी जेवायला एका जागी न बसणारं आमचं पोरगं तिथं एका पायावर गुमान उभं होतं.

दुसऱ्या रविवारी गोष्टीत वाघ आला. ताई म्हणे फोडा सगळे डरकाळी. बाकीची ओरडली, आमचं माझ्या मांडीत घुसलं, "बाबा, त्यायले ओरडू नको म्हना, तो येईन ना मंग." आता आमच्याकडं वाघ काही चित्रातला नाही, याचे मोठेबाबा उन्हाळी भुईमुगाच्या जागलीला, म्हणजे रात्री राखणीला, जातात अन् ते येईपर्यंत घरात कोणाला धड झोप नसते. ताईनं गोष्ट तिथंच थांबवली, खाली बसून विचारलं, मग मोठेबाबा काय करतात रे? हा म्हणे, डबा वाजवते. झालं, सगळ्या हॉलनं डबे वाजवले, गुडघे वर घेत घेत मचाणावर चढले अन् वाघ गेला जंगलात. पुढच्या खेपेला तीच गोष्ट होती, तर डबा तिच्यात होताच, अन् वाघ कोण? आमचाच.

आता घरी आजी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगते तर हा खाटेवर टुणूक टुणूक, अन् तिचे गुडघे दुखतात तरी तिलाही उठवते.

ताईनं सांगितलं की डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ३-४ वर्षांच्या लेकराला दिवसाला १८० मिनिटं तरी हालचाल पाहिजे अन् स्क्रीन १ तासाच्या वर नको. हालचालीचं टेन्शन नाही, दिवसभर बकरीमागं धावते, पण मोबाईलचा तास आमचा सकाळीच संपते, खोटं कशाला बोलू.

एक स्टार कापतो. मे महिन्यात ११ ची वेळ कोण ठेवते भाऊ, कूलर एक अन् लेकरं तीस, मागच्यांना काही ऐकू येत नाही. एका रविवारी तर हॉलवर लग्न होतं, मेसेज नाही काही नाही, आम्ही पोचलो तर बँड वाजत होता. पोरगं तिथंही नाचलं म्हणा.

जाणार असाल तर पाण्याची बाटली न्या अन् लवकर जाऊन पुढं बसा.