"घरी लागलं म्हणून सांग": बोटं निकामी झाली, वर हक्कही लिहून घेतला

बांधकामावर काम करणाऱ्या आणि त्यांच्या घरच्या लोकांसाठी हे लिहितोय. माझं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये.

ग्राइंडरने सळई कापत होतो. मोठी डिस्क बसावी म्हणून गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, काढलेलं होतं, आणि ते काढायला मुकादमानेच सांगितलं होतं. डिस्क अडकली, मशीन उसळलं आणि डाव्या हाताची तर्जनी व मधलं बोट तळव्याच्या बाजूने कापलं गेलं. मुकादमाने लगेच स्वतःच्या गाडीत घातलं. वाटेत पाणी पाजलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टरांना घरी लागलं म्हणून सांग. साइटचं नाव घेतलं की चौकशी लागते, काम बंद पडतं, सगळ्या पोरांची रोजी जाते. तुझं मी बघतो." मी तसंच सांगितलं. केस पेपरवर तेच लिहिलं गेलं.

मोठं हॉस्पिटल सोडून त्याच्या ओळखीच्या लहान दवाखान्यात का नेलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तिथे कातडीला टाके घातले आणि पट्टी बांधली. बोट वाकवून दाखव, असं कुणी म्हटलंच नाही. आज मला सगळ्यात जास्त हेच सलतं. वरून जखम लहान दिसली तरी आत बोट ओढणारी टेंडन तुटलेली असू शकते. अंगठा सोडला तर प्रत्येक बोट वाकवायला दोन टेंडन असतात, त्यामुळे मधलं पेर आणि टोकाचं पेर वेगवेगळं वाकवून बघावं लागतं. बधिर करायच्या इंजेक्शनाआधी बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का, तेही पाहावं लागतं. ही तपासणी झाली नसेल तर मागून घ्या, आणि लवकरात लवकर हाताच्या सर्जनकडे जा. पहिल्या काही दिवसांत टेंडन सरळ जोडता येते. उशीर झाला की तिचं टोक तळव्याकडे आखडत जातं.

आठव्या दिवशी मुकादम खोलीवर आला. महिन्याची मजुरी आणि औषधांचे पैसे मोजून दिले आणि "हिशोबाचा कागद आहे" म्हणत सही घेतली. उजवा हात धड होता, केली सही. त्या कागदात काय होतं ते पुढे कळलं: इजा घरी झाली, पूर्ण भरपाई मिळाली, यापुढे कसलीही मागणी करणार नाही.

पट्टी सुटली तेव्हा दोन्ही बोटं सरळच राहिली, वाकेनात. सर्जन म्हणाले, आता दुसरीकडची टेंडन काढून बसवावी लागेल, तीही दोन ऑपरेशनं करून. स्पर्श कळवणारी तुटलेली नस (नर्व्ह) जोडल्यावर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे टोकाला स्पर्श यायलाही महिने लागणार. मुकादमाला फोन केला तर त्याने एवढंच विचारलं, "सही तुझीच आहे ना?"

हात कायमचा अधू राहणार का, हे कळायलाच कित्येक महिने जातात. मग आठव्या दिवशी शेवटचा हिशोब कशाचा करायचा? मी गप्प बसलो त्याला आणखी एक कारण होतं. गार्डशिवाय मशीन मीच चालवलं, म्हणजे चूक माझीच, असं त्याने माझ्या मनात भरवलं होतं. पण कामावरच्या अपघाताची भरपाई मिळायला मालकाची चूक सिद्ध करावी लागू नये, हे तत्त्व जर्मनीच्या कायद्यात १८८४ सालीच आलं, आणि पुढे बऱ्याच देशांनी ते घेतलं. जिवाला धोका समोर दिसत असेल तर कामावरून बाजूला व्हायचा कामगाराचा हक्क आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम सुरक्षेच्या करारात लिहिलेला आहे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

कामगारांच्या केसेस बघणाऱ्या वकिलाने सांगितलं की असा हक्क सोडल्याचा कागद अनेक देशांचे कायदे मानतच नाहीत, पण दाव्याला मुदत असते, ती चुकवायची नाही. त्याहून अवघड आहे ते केस पेपरवरचं "घरी लागलं" खोडून काढणं. त्यासाठी त्या दिवशीची हजेरी लागते, सोबत्यांचे जबाब लागतात. माझ्या कामावरच्या जोडीदाराने त्याच दुपारी रक्त लागलेल्या, गार्ड नसलेल्या ग्राइंडरचा फोटो काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर नवं गार्ड बसलेलं होतं. तो फोटो आता वकिलाकडे आहे. सही केलेल्या कागदाची प्रत मात्र अजून माझ्या हातात आलेली नाही. त्या दिवशी मी ती मागितलीच नव्हती.