म्हैसाळ आणि कागवाड: शेतजमीन कोणी घ्यायची?

म्हैसाळ सांगली जिल्ह्यात, शेजारचं कागवाड बेळगावात. ऊस दोन्हीकडे, जमीनखरेदीचा कायदा मात्र वेगळा.

आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. (आजोबांचा सातबारा धुंडाळून 'शेतकरी' होणारे निघतातच म्हणा!) कर्नाटकानं २०२० मध्ये आपल्या जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ब ही कलमं काढली, आता बिगरशेतकऱ्यालाही वाट मोकळी. अडलेल्या विकणाऱ्याला गिऱ्हाइकं वाढतात हे खरं, पण भाव चढला की दोन एकरवाल्याला बांधालगतचा तुकडाही झेपत नाही.

मला आपलंच बरं वाटतं. पण या कायद्यानं घरची भाकरी राखली जाते म्हणाल, तर तसं नाही: पाणी आलं की ज्वारीचं रान उसाखाली जातं, आणि तिथं मालक शेतकरीच असतो.