प्रेमाने सांगितलेली अर्धी गोष्ट : निकोल चंग यांचे आत्मकथन

कोरियन युद्धानंतरच्या दशकांत सुमारे २ लाख कोरियन मुले परदेशांत, त्यातही बहुतांश अमेरिकेत, दत्तक गेली आणि ती मोठी होऊन लिहू लागली तेव्हा दत्तक-अनुभवाच्या लेखनाचा इंग्रजीत एक वेगळा प्रवाहच तयार झाला. निकोल चंग यांचे ‘ऑल यू कॅन एव्हर नो’ (कॅटापल्ट, २०१८) सहसा त्यातच मोडते, पण त्यांची हकिगत निराळी आहे. त्यांना कोरियातून कोणी आणले नव्हते. कोरियातून अमेरिकेत येऊन स्थिरावू पाहणाऱ्या एका दांपत्याच्या पोटी त्या सिअ‍ॅटलमध्ये जन्मल्या, त्याही अपुऱ्या दिवसांच्या. आणि दक्षिण ऑरेगनमध्ये, जवळपास सगळी वस्ती गोरी असलेल्या गावात राहणाऱ्या एका श्रद्धाळू कॅथलिक गोऱ्या जोडप्याने त्यांना दत्तक घेतले. जन्मदाते शेजारच्याच वॉशिंग्टन राज्यात, मोटारीने गाठता येतील इतक्या अंतरावर होते. पण न्यायालयाने मोहोरबंद केलेल्या कागदांमुळे ते परक्या देशात असल्यासारखेच झाले.

घरात निकोल यांना लहानपणापासून एकच गोष्ट सांगितली गेली : तुझे जन्मदाते नवखे होते, परिस्थिती बेताची होती, तुझी प्रकृती नाजूक होती, म्हणून तुझे भले व्हावे यासाठी त्यांनी तुला दिले आणि देवाने तुला आमच्या घरी धाडले. ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे लेखिका कुठेही विसरत नाही. मात्र त्या गोष्टीत मुलीचा चेहरा बसत नव्हता. शाळेतला मुलगा बोटांनी स्वतःचे डोळे ताणून तिला चिडवतो, तुझ्या खऱ्या आईबापांनाही तू नको होतीस असे सुनावतो, आणि ती घरी येऊन अवाक्षर काढत नाही. कारण रंगाचा विषय मनात न आणणे म्हणजेच प्रेम, अशी त्या घराची प्रामाणिक समजूत होती. पुस्तकातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. वंशभेदाविषयी चढ्या आवाजात बोलणारे लेखन पुष्कळ आहे; मायेच्या घरातही एखादे मूल त्या बाबतीत किती एकटे पडू शकते, हे इतक्या शांतपणे सांगणारे थोडे.

तितकाच लक्षात राहतो तो दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या एका गोऱ्या जोडप्याबरोबरचा प्रसंग. आपण गोऱ्या नाही याचे कधी वाईट वाटले का, असे ते तरुण निकोल यांना विचारतात आणि त्या त्यांना दिलासा देणारे उत्तर देऊन मोकळ्या होतात. समोरच्याला बरे वाटेल असेच बोलायचे, ही दत्तक मुलाला लागलेली सवय चार-दोन पानांत उघडी पडते.

पहिल्या बाळाच्या वेळी गरोदर असताना कुटुंबाच्या आजारांविषयी विचारलेल्या साध्या प्रश्नांना उत्तर नसते, आणि तिथून शोध सुरू होतो. वॉशिंग्टन राज्यातील नियमांप्रमाणे मध्यस्थ नेमावा लागतो, पत्रे जातात, आणि हाती येते ते घरच्या गोष्टीपेक्षा बरेच कडवट : आईवडिलांचा घटस्फोट झालेला, आईने एका बहिणीला मारहाण केलेली, आणि ‘बाळ जन्मतःच गेले’ असे बहिणींना सांगितलेले. लेखिका इथे कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. सापडलेल्या बहिणीशी हळूहळू जुळत जाणारे नाते हा पुस्तकाचा खरा गाभा आहे, आणि त्यात भावविवशतेला फारसा थारा नाही. चंग यांनी स्वतः संपादक म्हणून काम केले आहे. अडीचशेच्या आतल्या पानांत पसरट मजकूर जवळजवळ नाही, तो बहुधा त्यामुळेच.

उणिवा आहेत. बहिणीचे बालपण तृतीयपुरुषी निवेदनात, कादंबरीच्या थाटात सांगितले आहे. ऐकीव माहितीवर उभी असलेली ती प्रकरणे लेखिकेच्या स्वतःच्या आवाजापुढे फिकी पडतात. जन्मदात्री आईची बाजू जवळपास अनुपस्थित आहे. त्यामागची कारणे समजण्यासारखी असली तरी वाचकाच्या मनात तिचे चित्र इतरांच्या सांगण्यावरूनच बनते. नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल या अमेरिकी समीक्षक-संघटनेच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचलेल्या पुस्तकाबद्दल ही कुरकुर वाटेल, पण एकतर्फी गोष्टींविषयीच्या पुस्तकात ही उणीव खटकतेच.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. आपल्याकडचे जुने दत्तकविधान बहुधा भावकीतच होई आणि मुलाला कोण कुठले हे साऱ्या गावाला ठाऊक असे. पण पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून युरोप-अमेरिकेत गेलेल्या मुलांची गोष्ट चंग यांच्या गोष्टीच्या अधिक जवळची आहे. परदेशी दत्तकविधानासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले. त्या मुलांपैकी काही जण आज प्रौढ वयात मुळे शोधत इकडे येतात, तेव्हा त्यांचीही गाठ जुन्या नोंदींशी आणि मौनाशी पडते. दत्तक घेण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी, विशेषतः परदेशात राहणाऱ्यांनी, हे पुस्तक जरूर वाचावे. इंग्रजी सोपे आहे.

चंग यांचे दत्तक वडील हे पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी काही महिनेच वारले आणि आई २०२० मध्ये महासाथीच्या काळात कर्करोगाने गेली. त्या दोघांविषयीचे ‘अ लिव्हिंग रेमेडी’ (२०२३) लेखन म्हणून मला अधिक पक्व वाटले, पण पहिले वाचल्याखेरीज त्यातल्या दुःखाचा पुरता अंदाज येत नाही, म्हणून वाचायचे तर याच क्रमाने.