बेळगावजवळचं हॉस्पिस: आईचे चौतीस दिवस

पाचातले चार तारे देते. एक का कापला ते पुढं येईलच. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात पेशंटचं दुखणं कमी करून त्याला शेवटपर्यंत सांभाळणारं केंद्र. या केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तिथं खाटा बाराच आहेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते पेशंट घेत नाहीत. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तेच पत्ता देतील. ज्यांच्या घरात आत्ता "न्यायचं की नाही" हे चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या घरात ते बावीस दिवस चाललं आणि ते बावीसच्या बावीस दिवस आईनं कण्हत काढले.

आई निपाणीची. चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या. मांडीवर सूप, बाजूला भिजवलेली पानं, दिवसाला हजार विड्या. लहानपणापासून मिश्री लावायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास मला अजून घरचा वाटतो, आणि आता त्याचा रागही येतो. उजव्या गालात गाठ आली, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. वर्षभरानं दुखणं परत उमटलं आणि या वेळी गाल बाहेरून फुटला. ज्या मोठ्या दवाखान्यात उपचार चालले होते तिथं एका तरुण डॉक्टरनं व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या." फाइल हातात दिली, दुखण्याच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या, आणि विषय संपला.

ते वाक्य खोटं होतं. करण्यासारखं भरपूर होतं, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

मी बेळगावात वडगावला राहते, शिवणकाम करते. आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी या केंद्राचं सांगितलं. मी निपाणीला जाऊन दादाला सांगितलं तर तो ताटावरून उठला. आत्या म्हणाली, "मराय नेऊन ठेवताय व्हय गं तिला?" लोक काय म्हणतील, पोटच्या पोरांनी आईला बाहेर टाकलं म्हणतील, तिचा जीव तिच्या घरातच जाऊ दे. दादाचं आईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तो रोज रात्री तिच्या पायाशी बसायचा. पण ड्रेसिंग वहिनी करायची. दिवसातनं तीनदा. जखमेचा वास इतका की खिडकी उघडी ठेवूनही उंबऱ्यापाशी यायचा. आईला तो कळत होता. ती दिवसभर पदर तोंडावर ओढून भिंतीकडं तोंड करून निजायची. नातू दारातनंच "आज्जी" म्हणून पळायचा. एका रात्री वहिनी मोरीत बसून रडत होती. मला म्हणाली, "वन्सं, माझ्यानं आता जमंना. चुकलं काय तर त्यास्नी किती दुखतंय." दुसऱ्या दिवशी दादानंच गाडी ठरवली.

निपाणी ते बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर आहे. एरवी दीड तासाचा हायवे, आम्हाला अडीच तास लागले. संकेश्वर मागं गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला, प्रत्येक गतिरोधकाला आई माझं मनगट आवळायची. तिला आम्ही "ड्रेसिंगला चाललोय" एवढंच सांगितलं होतं.

पोचल्यावर पहिल्यांदा फॉर्म पुढं येईल असं वाटलं होतं, पण आधी सिस्टर आली. गोकाककडची होती, मराठी मोडकं बोलायची. दुखणं शून्य ते दहात किती, असं तिनं विचारलं. आईला ते कळेना. मग तिनं कन्नडमध्ये विचारलं, "ब्यानी ऐतेनवा?" आईनं मान हलवली. किती, हे कसं सांगायचं? सिस्टरनं आमच्याकडं पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "रुपया असेल तर किती आणे?" आईनं तोंडावरचा पदर न काढताच, फुटक्या आवाजात, पण अगदी स्पष्ट सांगितलं, "सोळा."

त्या दिवसापासून आईच्या कागदावर दुखणं आण्यांत लिहिलं जायचं. सकाळी राउंडला डॉक्टरीणबाईसुद्धा "आज किती आणे, आई?" असंच विचारायच्या.

मॉर्फिनबद्दल, म्हणजे जबर दुखण्यावरच्या औषधाबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांचं घोडं तिथंच अडतं. दादानं पहिलाच प्रश्न केला, "अफू देताय का तिला?" बाईंनी त्याला बसवून अर्धा तास समजावलं. गोळी दहा मिलिग्रॅमची. सुरुवात अर्ध्या गोळीनं, दर चार तासांनी, दुखू लागलं की नव्हे तर घड्याळ बघून. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. आईच्या नाकात नळी होती, तिच्यातनं गोळी कुटून पाण्यात द्यायची. मात्रा बेताबेतानं वाढवली तर श्वास बंद पडत नाही, आणि अशा दुखण्यात व्यसन लागण्याची भीती धरायची नसते. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून जुलाबाची गोळी पहिल्या दिवसापासून. पहिले दोन दिवस गुंगी आणि मळमळ राहील हेही आधीच सांगितलं, आणि तसंच झालं; आधी सांगितलं नसतं तर दादानं तिला उचलून परत नेलं असतं. मग एवढं साधं औषध आमच्याकडं मेडिकलमध्ये का नाही मिळालं? निपाणीत आणि कोल्हापुरात मी स्वतः सात दुकानं फिरले होते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं ते ठेवायचं म्हणजे परवान्यांची माळ लागायची, म्हणून दवाखान्यांनी आणि दुकानांनी नादच सोडला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यता मिळालेल्या संस्थेला एकाच परवानगीवर ते ठेवता येतं. या केंद्राकडं ती आहे. तुम्ही कुठंही चौकशी कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्याकडं मॉर्फिन आहे का?

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सहा आणे."

दुसरी गोष्ट वासाची. मेट्रोनिडाझोलची गोळी आपण पोट बिघडल्यावर घेतो, तीच. ती बारीक कुटून जखम धुतल्यावर वर भुरभुरवायची आणि ड्रेसिंग करायचं. ही गोळी स्वस्तात कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. वहिनीला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं घरीही केलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी वास जवळजवळ गेला. रविवारी दादा नातवाला घेऊन आला, तो खाटेवर आजीच्या पायाशी चढून बसला आणि शाळेतलं काहीतरी सांगत राहिला. आईचा पदर खांद्यावर होता. तोंडावर नव्हता. वहिनी ते बघून बाहेर गेली.

आईला खरं सांगायचं की नाही यावरही आमचे वाद झाले. केंद्राचा नियम असा की पेशंटला खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय अंगावर फेकायचंही नाही. बाईंनी एका दुपारी मला शेजारी बसवून तिला विचारलं, "आई, तुम्हाला आजाराचं काय काय माहिती आहे?" आई म्हणाली, "मला समदं ठावं हाय. पोरास्नी सांगू नगा, घाबरतील." म्हणजे दोन महिने ती आम्हाला सांभाळत होती आणि आम्ही तिला.

आता खटकलेल्या गोष्टी. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहेत. सिस्टर वाचून दाखवतात, पण मराठीत छापलेला एक कागद ठेवायला काय हरकत आहे? येणाऱ्यांत निम्मी माणसं आमच्यासारखी असतात. नातेवाइकांचा संडास आवाराच्या टोकाला आहे, पावसात रात्री हाल होतात. सोबतीला एकाच माणसाला राहू देतात. आणि रविवारी डॉक्टर नसतात, फोनवर असतात. तिसऱ्या रविवारी रात्री आईचं दुखणं एकदम उसळलं. सिस्टर फोन लावत होती आणि चाळीस मिनिटं तो उचललाच गेला नाही. त्या चाळीस मिनिटांचा तारा मी कापलाय. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी माफी मागितली आणि गोळ्यांच्या कागदावर मधल्या जास्तीच्या डोसचा आकडा लिहून सही केली, म्हणजे सिस्टरला पुन्हा कुणाला विचारावं लागू नये. हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मागितल्यावर देतात.

पैशाचं म्हणाल तर खाट, औषध, ड्रेसिंग, पेशंटचं जेवण, कशालाच घेत नाहीत. सोबतच्या माणसाला दोन वेळचा डाळभात मिळतो. ऐपतीप्रमाणं पेटीत टाका म्हणतात, पेटीकडं कुणी बघत बसत नाही. बेळगाव लांब पडत असेल तर बंगळुरूचं करुणाश्रय, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र आणि मुंबईत बांद्र्याचं शांती अवेदना सदन इथंही कॅन्सरच्या पेशंटची सेवा मोफत होते. शांती अवेदना १९८६ पासून चालू आहे, देशातलं ते पहिलं हॉस्पिस. गोव्यातही त्यांची शाखा आहे.

"तिथं गेलेलं माणूस परत येत नाही" असं आत्या म्हणायची. आई परत आली. कर्नाटकी बेंदराला तिला घरी जायचं होतं. बाईंनी चार दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या, वहिनीला नळीतनं औषध द्यायला आणि ड्रेसिंग करायला शिकवलं आणि रोज संध्याकाळी फोन केला. दारात बैल आले तेव्हा आईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. तिनं त्यांच्या शिंगांना हात लावला. गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. आत्या जवळ बसून हुंगल्यासारखं करत होती, मग न राहवून म्हणाली, "वास येत न्हाई गं." पाचव्या दिवशी आईच म्हणाली, "चला आता तिकडं."

शेवटच्या आठवड्यात ती शुद्धीत कमी असायची. हात मात्र चालू असायचे. डाव्या हाताच्या बोटांत काहीतरी धरायचं, उजव्या अंगठ्यानं गुंडाळायचं, टोक दुमडायचं, बाजूला ठेवायचं, परत. नव्या सिस्टरला वाटलं दुखतंय, ती डोस बघायला लागली. मी म्हटलं, विड्या वळतेय. गोकाकच्या सिस्टरनं गॉजच्या पट्ट्या कापून तिच्या हातात दिल्या. आईनं त्या एकेक करून वळल्या, अगदी घट्ट, एकसारख्या, आणि उशाशी रचल्या. मी मोजल्या, पंचवीस झाल्या, एक कट्टा. सिस्टरनं त्या टाकल्या नाहीत, दोऱ्यानं बांधून टेबलावर ठेवल्या.

घशात घरघर सुरू झाली तेव्हा मला वाटलं ती गुदमरतेय. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं, एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की हा आवाज आपल्याला ऐकवत नाही, त्यांना त्याचा त्रास होत नसतो. दर अर्ध्या तासानं ओल्या गॉजनं ओठ पुसायला मला दिले. दादा रात्री अकराला पोचला. नियम एकाचाच, पण त्या रात्री आम्हा तिघांनाही राहू दिलं. दादानं तुळशीचं पान आणलं होतं, तेही ठेवू दिलं. पहाटे साडेचारला ती गेली. बाहेर पाऊस होता.

उरलेल्या अकरा गोळ्या सिस्टरनं माझ्यासमोर मोजून परत घेतल्या आणि वहीत माझी सही घेतली. पिशवी भरून दिली. गॉजचा कट्टा दादानं खिशात घातला.

जाणार असाल तर बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि आधारची झेरॉक्स न्या. सोमवार ते शनिवार सकाळीच जा, रविवारी नको. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या जमतील तेवढ्या न्या, अंगाखाली घालायला त्यांना सारख्या लागतात. आईच्या सहा मी तिथंच ठेवून आले.