१९८७ च्या टॉप्स बेसबॉल कार्डांचा अख्खा खोका: आठ महिन्यांनंतर

एका खोक्यात २० बॉक्स, बॉक्समध्ये ३६ पाकिटं, पाकिटात टॉप्स कंपनीने बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेली १७ कार्डं आणि बबलगमची एक पट्टी. एकूण १२,२४० कार्डं. पैसे भरण्याआधी हा हिशोब मी कितीतरी वेळा केला होता. तरी खोका दारात आला तेव्हा तो एकटीने उचलवेना.

आम्ही १९८७ च्या उन्हाळ्यात सांगलीहून जर्सी सिटीला आलो. आदल्याच मोसमात न्यू यॉर्कच्या मेट्स संघाने बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली होती, पण दादाचा जीव त्याच शहरातल्या यँकीज संघाच्या डॉन मॅटिंग्लीवर. कोपऱ्यावरच्या दुकानात ४० सेंटला पाकीट मिळायचं. घरोघरी वर्तमानपत्रं टाकून मिळालेले पैसे तो तिथे घालवायचा आणि गम माझ्या हातावर ठेवायचा. पुढे घर बदलताना त्याची कार्डं टाकून दिली गेली. आईला ते अजून लागून राहिलंय. म्हणून मी याच वर्षाचा माल घेतला, नफ्यासाठी नाही.

विक्रेते या मालाला सर्रास ‘व्हिंटेज’ म्हणतात. जुने संग्राहक हा शब्द साधारण १९८० च्या आधीच्या कार्डांसाठी राखून ठेवतात, आणि १९८६-८७ ते १९९३ च्या सुमाराच्या मालाला ‘जंक वॅक्स’ (मेणकागदी पाकिटांतला कवडीमोल माल) म्हणतात. कारण सरळ आहे. टॉप्सने १९५२ ची न खपलेली खोकी १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली असं सांगतात, म्हणून ती कार्डं दुर्मिळ. १९५२ चंच यँकीजच्या मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. जुन्या कार्डांचे भाव ऐंशीच्या दशकातच चढू लागले होते, ते पाहून लोकांनी नवी खोकी न उघडता माळ्यावर जपून ठेवली. कंपन्याही भरमसाट छापत राहिल्या. त्यामुळे १९८७ चा बंद खोका आजही मिळतो. मला बॉक्समागे ४५ डॉलर पडले, घरपोच आणण्याचे वेगळे.

खोक्याआधी मी एक सुटा बॉक्स घेऊन फसले होते, ते सविस्तर सांगते, कारण त्यातूनच शिकले. पूर्ण संच ७९२ कार्डांचा आणि एका बॉक्समध्ये ६१२ कार्डं, त्यामुळे एखादा खेळाडू न निघणं अगदी साहजिक आहे. पण माझ्या बॉक्समध्ये ज्यांच्या कार्डांना मागणी असते त्या बॅरी बाँड्स, मार्क मॅग्वायर, बो जॅक्सन, बॅरी लार्किन, विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो यांच्यापैकी एकही नव्हता. सहाच्या सहा गायब! मग मी वेष्टनं निरखून पाहिली. मागच्या घडीवर मेण दोनदा वितळल्यासारखं पसरलेलं, कागद कडेला किंचित फाटलेला. वॅक्सचं पाकीट उष्णता देऊन चिकटवलेलं असतं. ते हलक्या हाताने उघडून, हवी ती कार्डं काढून पुन्हा बंद करता येतं. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. त्यानंतर मी ठरवलं की सुटा बॉक्स घ्यायचा तर जाणकाराने तपासून सीलबंद केलेला, नाहीतर कारखान्याच्या चिकटपट्टीसकट अख्खा खोका. जास्तीचे पैसे त्या खात्रीचे असतात, आणि ते द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आठ महिन्यांत १४ बॉक्स उघडले. आई शेजारी बसते. तांदूळ निवडायची तिची परात आता कार्डांना लागते. शंभराशंभराचे गठ्ठे ती माझ्या दुप्पट वेगाने लावते, आणि मॅटिंग्लीचं ५०० नंबरचं कार्ड आलं की बाजूला काढून ठेवते. गम मात्र कुणीही तोंडात घालू नये. पाटीवरच्या पेन्सिलीसारखा तो कडकन मोडतो आणि त्याची पांढरी भुकटी सगळीकडे उडते.

कार्डांच्या अवस्थेबद्दल बोलायचं तर पाकिटातल्या एका कार्डावर गमचा डाग आणि शेवटच्या कार्डाच्या पाठीवर मेणाचा डाग, हे धरूनच चालावं. मेण पातळ नायलॉनच्या कापडाने हळू घासलं की बरंचसं निघतं, गमचा डाग निघत नाही. १९८७ च्या कार्डांची चौकट लाकडाच्या रंगाची आहे, मला ती फार आवडते. पण कोपरा जरा झिजला तरी त्या तपकिरी रंगावर पांढरं लगेच दिसतं. छपाईही बऱ्याच कार्डांवर एका बाजूला सरकलेली. बाँड्सची अकरा कार्डं निघाली, त्यातली मध्यावर नीट बसलेली तीनच. ती पीएसए या कार्डांची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीकडे पाठवली. एकाला १० पैकी ९ गुण मिळाले, दोघांना ८. तपासणीचा खर्च निघाला नाही. न तपासलेलं बाँड्सचं कार्ड दोन-चार डॉलरला मिळतं, त्यामुळे गुंतवणूक म्हणून कुणी हा खोका घेत असेल तर मी त्याला थांबवेन.

दोन व्हेंडिंग बॉक्सही घेतले, म्हणजे पाकिटांऐवजी सुटी कार्डं भरलेले डबे, एकेकात ५०० कार्डं. त्यांत गम नाही, मेण नाही, कार्डं कितीतरी स्वच्छ, शिवाय संच भराभर लागतो. नुसता संच हवा असेल तर हेच घ्यावेत. फक्त त्या साध्या पुठ्ठ्याच्या डब्यांना सील नसतं, म्हणून विकणारा ओळखीचा हवा.

अप्पर डेक या दुसऱ्या कंपनीच्या १९८९ च्या कार्डांचा एक बॉक्सही उघडला. चांदीसारख्या कागदात ३६ पाकिटं, प्रत्येकी १५ कार्डं, पाठीवर होलोग्राम. यातलं पहिल्या नंबरचं कार्ड पुढे स्टार झालेल्या केन ग्रिफी ज्युनियरचं, त्याने मोठ्या लीगमध्ये पाऊल टाकण्याआधीच छापलेलं. मला ते निघालं नाही.

साठवणीत मी एक चूक केली. जुलैत कार्डं बेसमेंटमध्ये ठेवली, आणि न्यू जर्सीच्या दमट हवेत महिन्याभरात वरचे गठ्ठे वाकले. आता सगळी वरच्या मजल्यावरच्या कपाटात आहेत, हवा कोरडी ठेवणाऱ्या पुड्यांसकट. नंतरच्या वर्षांतल्या चकचकीत लेपाच्या कार्डांना जास्त जपावं, ती ओलाव्याने एकमेकांना चिकटून विटेसारखी होतात. दुबार आलेली साधी कार्डं मी शेजारच्या लिटल लीग बेसबॉल खेळणाऱ्या मुलांना देते, ती खूश होतात.

सात संच पूर्ण झालेत. आठव्यात नऊ कार्डं कमी आहेत, आणि सहा बॉक्स अजून बंद आहेत. दादा दिवाळीला टेक्सासहून येतोय. त्याच्याशिवाय पुढचा बॉक्स उघडायचा नाही, असं आईने बजावलंय, आणि मॅटिंग्लीची कार्डं तिने एका जुन्या पेढ्यांच्या डब्यात वेगळी ठेवली आहेत.