ई-सायकलची मोटर किती टिकते : दोन मोटरींचा सहा वर्षांचा हिशेब

ई-सायकलींची परीक्षणे बहुधा पहिल्या महिन्याभरातच लिहिली जातात आणि त्या काळात कोणतीच मोटर कुरकुर करत नाही, त्यामुळे मोटरीच्या टिकाऊपणाबद्दल त्यांतून फारसे काही हाती लागत नाही. माझ्याकडे गेली सहा वर्षे दोन ई-सायकली आहेत. पहिलीच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी ३६ व्होल्टची, २५० वॅटची, आत गिअर असलेली हब मोटर आहे आणि ती आजवर २१,४०० किलोमीटर चालली आहे. दुसरीला पेडलांच्या मधोमध बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर असून तिचे १४,००० किलोमीटर नुकतेच पूर्ण झाले. दोन्ही मोटरींनी मधल्या काळात दगा दिला, दोन्ही उघडाव्या लागल्या आणि दोन्ही आज चालू आहेत. कंपन्यांची नावे येथे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण वाट्याला आलेल्या एकेका नगावरून संपूर्ण कंपनीचा निवाडा करणे रास्त नाही, आणि बिघाडांची जी कारणे पुढे येतील ती त्या त्या प्रकारच्या बहुतेक मोटरींना लागू पडतात.

मोटर झिजते म्हणजे नेमके काय झिजते, हे आधी पाहायला हवे. या मोटरी ब्रशविरहित असतात. तांब्याच्या तारेची गुंडाळी एका जागी स्थिर राहते, चुंबक फिरतात आणि दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. जुन्या डीसी मोटरींत घासून संपणारे कार्बनचे ब्रश येथे नाहीतच. घर्षण होते ते फक्त बेअरिंगमध्ये, आणि गिअर असतील तर गिअरमध्ये. गिअर नसलेल्या, चाकाला थेट फिरवणाऱ्या हब मोटरीत तर बेअरिंगखेरीज झिजण्यासारखे काही नसते, म्हणूनच अशा मोटरी वजनाला जड आणि वीज बंद असताना पेडल मारणाऱ्याला ओढ लावणाऱ्या असल्या तरी हजारो किलोमीटर विनातक्रार चालतात. मोटर हलकी हवी असेल तर गिअर आले, आणि गिअर आले की झीज आली.

माझ्या हब मोटरीत मधल्या लहान गिअरभोवती नायलॉनचे तीन गिअर फिरतात आणि चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात आतली मोटर सुमारे पाच फेरे घेते. नायलॉन निवडण्यामागे आवाज कमी व्हावा हा हेतू असतो. धातूचे गिअर जास्त टिकतात, पण वाजतातही तेवढेच. सुमारे ११,००० किलोमीटरनंतर जोर लावताना चाकातून खरखर ऐकू येऊ लागली आणि पंधरा दिवसांत तिची जागा टकटक आवाजाने घेतली. चाक काढून बाजूच्या झाकणाचे स्क्रू उघडले तेव्हा ग्रीस वाळून मेणासारखे झालेले होते आणि तीनपैकी एका गिअरचे दात एका बाजूने इतके झिजले होते की ते करवतीच्या पात्यासारखे दिसत होते. तांब्याची गुंडाळी मात्र नव्यासारखी चकचकीत होती. तिन्ही गिअर एकदमच बदलावेत, कारण दोन जुन्या गिअरांसोबत एक नवा बसवला तर भार सारखा वाटला जात नाही. हा नेहमीचा सल्ला मी मानला. नवे ग्रीस नायलॉनला चालणारे आणि पातळ थरात लावायचे असते. हब ठासून भरण्याचा मोह होतो, पण जास्तीचे ग्रीस गिअरवर न राहता कडेला फेकले जाते आणि आतल्या, एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचमध्ये शिरले तर क्लच घसरू लागतो. संपूर्ण काम एका दुपारी झाले. या मोटरीला माझ्याकडून सर्वांत जास्त गुण मिळतात ते याच दुपारसाठी, कारण झाकण साध्या स्क्रूंनी बसवलेले होते, गिअरचा संच सुटा मिळाला आणि कोणालाही विचारण्याची गरज पडली नाही.

दुसरा बिघाड अधिक फसवा निघाला. सायकल सुरू होताना मोटर आचके देऊ लागली, कधी गुरगुरून जागीच थबकत असे आणि चाकाला हाताने थोडी गती दिली की पुन्हा सुरळीत चालत असे. मोटर जळाली, असे दोघा जाणकारांनी छातीठोकपणे सांगितले. प्रत्यक्षात अशा मोटरीत फिरणाऱ्या चुंबकांची जागा कंट्रोलरला, म्हणजे मोटरीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, कळवणारे तीन हॉल सेन्सर असतात. त्यांना पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि चाक हाताने हळूहळू मागच्या दिशेने फिरवले की प्रत्येक सेन्सरच्या तारेवर मल्टिमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) आळीपाळीने शून्य आणि पाचच्या आसपासचा आकडा दाखवतो. माझ्याकडे दोन तारा तसे दाखवत होत्या आणि तिसरी पाचवरच अडून बसली होती. मग सेन्सरच गेला असावा असे वाटले, पण तेही खरे नव्हते. हब मोटरीची केबल पोकळ एक्सलमधून (चाकाच्या आसातून) बाहेर पडते आणि ती वळते तिथेच एक बारीक तार तुटलेली होती. काही दिवसांपूर्वी सायकल त्या बाजूला पडली होती. एका तारेपायी अख्खी मोटर भंगारात जाणार होती. ज्यांची हब मोटर आहे त्यांनी केबलला एक्सलपासून थोडी ढील द्यावी आणि ती खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत एक्सलमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते.

मोटरीला वीज पुरवणाऱ्या जाड तारांची परीक्षा तर याहून सोपी आहे. मोटरीचा कनेक्टर सोडवून तीन जाड तारांपैकी कोणत्याही दोन एकमेकींना जोडायच्या आणि मोटर मागच्या दिशेने फिरेल असे चाक फिरवायचे. ते अडखळत, जड फिरायला हवे. तिन्ही जोड्यांना सारखाच अडथळा जाणवला तर गुंडाळी बहुधा शाबूत आहे. कनेक्टर सोडवलेला असतानाही चाक तसेच अडखळत असेल तर मात्र गुंडाळीत किंवा केबलमध्ये तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, असे समजावे.

आता मिड-ड्राइव्ह. चालवण्याच्या सुखात या मोटरीशी हबची बरोबरी होत नाही, हे आधी मान्य करतो. पेडलवर किती जोर पडतो ते टॉर्क सेन्सर मोजतो आणि मोटर त्या प्रमाणात साथ देते, त्यामुळे यंत्राने ढकलल्यासारखे न वाटता आपल्याच पायांत बळ आल्यासारखे वाटते. मोटरीची ताकद चेनमधून आणि सायकलच्या गिअरमधून जात असल्याने चढावर हलका गिअर टाकला की मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. हब मोटरीला ही सवलत नसते. मिड-ड्राइव्हच्या या सवलतीची किंमत चेन आणि मागची दातेरी चक्रे मोजतात, ती लवकर झिजतात, पण ती बदलणे कोणत्याही सायकलवाल्याच्या हातचे काम आहे.

हमीची दोन वर्षे उलटून गेल्यावर, सुमारे ८,५०० किलोमीटरवर, या मोटरीतून प्रत्येक पेडलफेऱ्यागणिक वाळू दळल्यासारखा आवाज येऊ लागला आणि क्रँक, म्हणजे पेडलांचा दांडा, हाताने हलवला तर किंचित खेळ जाणवू लागला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने सायकल संगणकाला जोडली, एकही एरर कोड नाही असे सांगितले आणि मोटर ठीक असल्याचा निर्वाळा दिला. कर्मचारी सौजन्याने बोलले, वेळही त्यांनी पाळला. परंतु संगणकाला आवाज ऐकू येत नाही आणि झिजलेल्या बेअरिंगचा एरर कोड नसतो, ही साधी गोष्ट त्यांना पटवण्यात माझ्या दोन खेपा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी बिघाड मान्य केला आणि उपाय सांगितला तो एकच : मोटर उघडली जात नाही, संपूर्ण बदलावी लागेल. सुटे भाग देण्याची पद्धत नाही. दुसऱ्या सायकलवरची वापरलेली मोटर आणून बसवावी म्हटले, तर तीही त्यांच्याच सॉफ्टवेअरने या सायकलशी जुळवल्याशिवाय चालणार नव्हती.

अखेर ई-सायकलींच्या मोटरीच दुरुस्त करणाऱ्या एका स्वतंत्र कारागिराकडे ती दिली. त्याने ती माझ्यासमोर उघडली तेव्हा क्रँकच्या दांड्यावरील, पाणी अडवणाऱ्या सीलच्या कडेने तपकिरी, गंजमिश्रित पाण्याचा ओघळ दिसला आणि त्याच बाजूचे बेअरिंग गंजून खडबडीत झालेले होते. बेअरिंग कोणत्याही औद्योगिक दुकानात मिळावे अशा प्रमाणित मापाचे होते. आतला नायलॉनचा गिअर निरोगी, एकाच दिशेने पकडणारा क्लच निरोगी, गुंडाळी निरोगी, सर्किट कोरडे. एका सीलची कड झिजली आणि त्यामुळे एक बेअरिंग गेले, एवढाच तो आजार होता आणि त्यावर अधिकृत उपचार होता संपूर्ण मोटर फेकून देण्याचा. कारागिराने दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली बेअरिंगे बसवली, नवे सील टाकले, बोटींवर वापरतात ते पाण्याला न हटणारे ग्रीस लावले आणि जोडणीवर सिलिकॉनचा बारीक थर देऊन मोटर बंद केली. त्यानंतरच्या ५,५०० किलोमीटरमध्ये तिने तक्रार केलेली नाही. हमीच्या काळात मात्र असे करू नये, कारण मोटर उघडल्यावर हमी संपते; वेगमर्यादा काढून टाकणाऱ्या क्लृप्त्यांनीही ती संपते.

पाणी शिरले कुठून, याचे उत्तर माझ्याच सवयीत होते. चिखलातून आल्यावर सायकल लगेच दाबाच्या पाण्याने धुण्याची माझी रीत होती. मोटर गरम असते तेव्हा आतली हवा फुगलेली असते. तिच्यावर गार पाणी पडले की हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. हल्ली मी मोटर निवेपर्यंत थांबतो आणि बादली व फडके एवढ्यावरच भागवतो.

पाण्याइतकीच दुसरी वैरीण म्हणजे उष्णता, आणि ती चालवणाराच निर्माण करतो. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि मोटर अगदी हळू फिरत असताना पूर्ण जोर मागितला तर बॅटरीतून आलेल्या विजेचा मोठा भाग चाकाकडे न जाता उष्णतेतच खर्च होतो. हब मोटर घेऊन लांब, उभ्या चढावर चालण्याच्या गतीने रखडत जाणे हा मोटर मारण्याचा हमखास मार्ग आहे. आत नायलॉन मऊ पडतो, तारेवरचे इनॅमल (विजेला अडवणारा लेप) करपते आणि साध्या प्रतीचे निओडिमियमचे चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली काही शक्ती कायमची गमावतात. मिड-ड्राइव्ह मोटरी तापल्या की बहुधा स्वतःहून जोर कमी करतात. त्याला बिघाड समजून कित्येक जण तक्रार करतात, खरे तर तेव्हा मोटर स्वतःचा जीव वाचवत असते.

मोटरीवर आळ घेण्याआधी तपासण्याच्या काही गोष्टी आहेत. ब्रेकच्या दांडीत मोटरीची वीज तोडणारा एक छोटा स्विच असतो. दांडी पूर्ण मागे आली नाही तर मोटर मुकाट बसून राहते, आणि या एका कारणापायी मी एकदा अख्खी सायकल खोलली होती, हे कबूल करायला आजही लाज वाटते. मिड-ड्राइव्हमध्ये मागच्या चाकाच्या स्पोकवर लावलेला वेगमापकाचा चुंबक सरकला तरी मोटर साथ सोडते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आला असेल तर तो साफ करावा. बॅटरी म्हातारी झाली असेल तर जोर लावताच तिचा व्होल्टेज खाली बसतो आणि दोष मोटरीच्या नावावर जातो. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारणतः ५०० ते १,००० पूर्ण चार्जांनंतर लक्षणीय घटलेली असते, तेव्हा नीट वापरलेल्या सायकलीत मोटरीआधी बॅटरीच बदलावी लागण्याची शक्यता अधिक.

दोहोंपैकी कोणती घ्यावी, असे कोणी विचारले तर रोजच्या सपाट रस्त्यासाठी मी हब मोटरच सुचवीन, आणि डोंगराळ भागात राहणाऱ्याला मिड-ड्राइव्ह. पण विक्रेत्याला मोटरीच्या ताकदीचा आकडा विचारण्याऐवजी तिचे बेअरिंग, सील आणि गिअर सुटे मिळतात का आणि ती उघडून दुरुस्त करणारा माणूस कोण आहे, हे विचारावे. विक्रेता गडबडला तर हमीचा शेवटचा दिवस हाच मोटरीच्या आयुष्याचा शेवटचा भरवशाचा दिवस समजून हिशेब करावा. या कसोटीवर माझी हब मोटर पाचपैकी साडेचार गुणांची आहे. मिड-ड्राइव्हला चालवण्यासाठी पाच द्यावे लागतील आणि कंपनीच्या सेवेसाठी दीड. तो दीडही कर्मचाऱ्यांच्या सौजन्याचा.

गेल्या आठवड्यापासून हब मोटरीच्या डाव्या बाजूने, पेडल थांबवले तरी न थांबणारी, एक बारीक घूं घूं ऐकू येते आहे. आवाज जोरावर नव्हे तर वेगावर अवलंबून आहे, म्हणजे गिअर नसून बेअरिंग असावे. नवी जोडी आणून ठेवली आहे. पाऊस उघडला की झाकण उघडीन.